मोठ्या मास्तरांचा फ्रेंचचा तास

"दिआ! दिआ म्हणतो ना बे! ह्यू नाई, दिआ! कान फुटले का तुमचे?"

नाल्याच्या पलीकडच्या काठावर गुडघ्याच्या वर धोतर खोचलेला आणि अंगात पितळी बटणांचा खाकी लष्करी कोट घातलेला एक माणूस माझ्या बंडीच्या बैलांवर ओरडत होता. बंडी आसापर्यंत रुतली होती. गाडीवानाने आपल्याजवळच्या मराठी शिव्या संपवल्या होत्या, गोंडी संपवल्या होत्या, सिरोंच्याकडून कधी तरी शिकून आणलेल्या दोन तेलुगू शिव्याही वापरून पाहिल्या होत्या. बैल शेपट्या हलवीत होते, एवढंच. मी ट्रंकेवर बसून, पायांतले नवे जोडे हातात घेऊन, नोकरीच्या पहिल्याच दिवशी राजीनामा लिहावा की दुसऱ्या दिवशी, याचा विचार करीत होतो. तेवढ्यात हा 'दिआ' आला. बैलांनी कान टवकारले, डावीकडे वळले आणि मला, ट्रंकेला, गाडीवानाला घेऊन असे काही उसळले की नाला, काठ, मालगुजाराची वाडी आणि शाळेचं कुंपण ओलांडून थेट शाळेच्या ओसरीला शिंगं टेकल्यावरच थांबले. कुंपण मोडलं ते मोडलंच. मी ते माझ्या कारकिर्दीत दुरुस्त केलं नाही, आठवण म्हणून.

"कोण हो हे?" मी गाडीवानाला विचारलं.

"मोठे मास्तर हाये जी आमचे. ते फ्रान्सची बोली बोलते. गावातल्या समद्या बैलाइले समजते," गाडीवान म्हणाला. मग जरा ओशाळून, "आमाले अजून नाई समजत."

वैनगंगेपासून गोदावरीपर्यंतच्या त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात जितके वाघ होते तितकेच प्राथमिक शाळेचे हेडमास्तर असतील, आणि दोन्ही जमातींतले पुष्कळ मी जवळून पाहिले. पण सागाच्या रानात, कौलारू शाळेच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर चौथीपर्यंतच्या पोरांना फ्रेंच शिकवणारा माणूस एकच होता. ब्रह्मदेवाने तो घडवला आणि दमून लगेच रजेवर गेला असावा. गडचिरोलीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात आम्ही दोनच मास्तर. ते मोठे, मी छोटा. वयाने, उंचीने, आणि पुढे जे झालं त्या हिशेबानेही.

मिसरूड फुटायच्या आत वय वाढवून सांगून मोठे मास्तर पहिल्या महायुद्धात खच्चरांच्या पलटणीत भरती झाले होते. भरती करणाऱ्याने विचारलं, खच्चर पाहिलं आहेस का? हे म्हणाले, माझा मामा आहे ना! एवढ्यावर त्यांना बोटीत घातलं. फ्रान्सच्या उत्तरेकडे कुठल्याशा खेड्यात त्यांची पलटण थांबली आणि यांना एका म्हातारीच्या गोठ्यात जागा मिळाली. म्हातारीचे दोन्ही पोरगे लढाईवर. हे पोरगं नागभीडकडचं, गाईगुरांत वाढलेलं. न सांगता शेण काढू लागलं, धार काढू लागलं. म्हातारीने हाताला धरून चुलीजवळ बसवलं आणि कलथा दाखवून कलथ्याचं नाव सांगितलं, बादली दाखवून बादलीचं. "पाच वरसाच्या लेकरावाणी शिकवलं तिनं मले," मास्तर सांगत. "म्हून म्हणतो, ही भाषा लेकरापणीच शिकाची असते. मोठा झाला का माणूस लाजते." बैलांच्या बाबतीतलं 'ह्यू' म्हणजे उजवीकडे आणि 'दिआ' म्हणजे डावीकडे, हे शिक्षणही त्याच विद्यापीठातलं.

त्या म्हातारीचे सगळे संस्कार मास्तरांनी आमच्या गावात आणून पेरले. मे महिन्यात, जेव्हा माकडंही झाडावरून खाली उतरून सावलीत बसत, तेव्हा ते तो लोकरी कोट घालून हिंडत. घाम आला की आतली हवा थंड राहते, असं त्यांचं शास्त्र होतं. रात्रीची भाकर शिळी उरली तर ती कांद्याच्या उकळत्या पाण्यात टाकून ते खास मला बोलावून वाढत आणि मी ती खाताना माझ्या तोंडाकडे पाहत. "कशी हाये?" "उत्तम." "म्हातारी वरून साय टाके. आपल्याइथी साय राहत नाई, मांजर खाते." मी त्या कांद्याच्या पाण्यावर एक अख्खा पावसाळा काढला आहे. आजही कांदा चिरताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, त्याचं कारण लोकांना साधं वाटतं.

पण पावाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. शाळेमागे एक भलंमोठं वारूळ होतं, वाळवीने सोडून दिलेलं. मास्तरांनी ते पोखरून त्याची भट्टी केली आणि तांदळाच्या पिठाचा, मोहाच्या दारूचा गाळ घालून फुगवलेला, निदान फुगावा अशी आशा केलेला, पाव त्यात भाजला. तो पाव असा झाला की शाळेची घंटा दुरुस्तीला गेली असता आम्ही तो खांबावर वाजवत असू. उरलेले दोन पाव भट्टीतच राहिले. तिसऱ्या दिवशी वारुळाच्या वासाने अस्वल आलं, भट्टी फोडली, पाव तोंडात धरला आणि जे काय व्हायचं ते झालं. अस्वल रडत रडत नाल्याकडे गेलं, हे मी स्वतः ऐकलं. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीत अस्वल म्हणून फिरकलं नाही. वनखात्याला याचं कारण अजून कळलेलं नाही.

आता पोरांचं. सकाळी शाळा भरली की मास्तर दारात उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराचा हात हातात घेऊन 'बोंझूर' म्हणत. प्रत्येक, म्हणजे प्रत्येक. शेंबूड पुसलेला हात असो, शेणाचा असो, गोंडाच्या पोराचा असो की मालगुजाराच्या नातीचा. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्याने जाऊन काही वर्षं झाली होती, पण मालगुजारांच्या अंगातून गेली नव्हती. ते एकदा ओसरीत येऊन म्हणाले, "मास्तर, ज्याचा त्याचा हात कायले धरता जी? त्याच हातानं मग आमच्या नातीचा धरता."

"मग तिचा पयले धरत जाईन," मास्तर म्हणाले. "बाकीच्याइले चालते."

मालगुजार घरी जाईपर्यंत त्यांना हे पुरतं उमगलं नसावं, पण उमगल्यावर ते विसरले नाहीत.

मला प्रथम वाटलं, म्हातारा खुळा आहे. सरकारने पुस्तकं दिली मराठीची, आणि हा शिकवतो फ्रेंच! एक दिवस विचारलंच. तर मला खाली बसवून म्हणाले, "छोटे मास्तर, मराठीचा तास लागला का काय होते पाहा. मालगुजाराची नात फाडफाड वाचते. गोंडाची लेकरं भिताडाकडे पाहते. त्याइच्या घरी गोंडी. ते तोंड उघडते तं ही पोट्टी हासते. एक डाव हासली का ते लेकरू मोहा येचाले जाते, ते वापस येत नाई. आता फ्रेंच घ्या. कोनाच्या बापाले येते? कोनाच्याच नाई. समदे एका पायरीवर. हासन कोन?"

मी हसणारच होतो, पण पुढच्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं. फ्रेंचच्या तासाला सगळा वर्ग सारखा गाढव. मालगुजाराची नात चुकली की गोंडाची पोरं खदखदून हसत, आणि हसायला म्हणून एकदा उघडलेलं तोंड मग मराठीच्या तासालाही बंद होत नसे. फाल्गुन-चैत्रात आसपासच्या शाळा ओस पडत, कारण पहाटेपासून अख्खं घर मोहफुलं वेचायला रानात. आमची पोरं फुलांच्या टोपल्या घेऊन थेट शाळेत येत. वर्गाला असा वास सुटे की मीही पाढे जरा गात गातच शिकवी.

या सगळ्यांत मैनी म्हणजे मास्तरांचा जीव. गोंडाची मुलगी, बाप रानातून लाकडं आणणारा, आई डिंक गोळा करणारी. पहिल्या वर्षी ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. मी तिला मुकी म्हणून हजेरीपटात नोंदवायला निघालो होतो. फ्रेंचच्या तासाला ती बोलू लागली आणि मग कुणाला थांबवता येईना. मास्तर गोठ्यातली गोष्ट सांगत, ती तीच गोष्ट फ्रेंचमध्ये त्यांना उलट सांगे, आणि म्हातारी रागावली की कशी ओरडे तेही करून दाखवी. मास्तर कपाळाला हात लावून म्हणत, "अगदी तिच्यावाणी! छोटे मास्तर, ही तिच्याच पोटची हाये." गणितात ती पहिली होती. मराठी वाचायला लागली ती गाडीवानाच्या बैलांसारखी, थांबेचना. फक्त 'मला' ऐवजी 'मले' म्हणे. आम्ही सगळेच म्हणत होतो.

त्या वर्षी मास्तरांची शेवटची चौथी होती. पुढच्या वैशाखात ते निवृत्त व्हायचे. आमच्या शाळेतून चौथीच्या पुढे एकही पोर आजवर गेलं नव्हतं. चांद्याला मुलींचं वसतिगृह नवीनच निघालं होतं. तालुक्याच्या आमच्या भागातून एका मुलीला तिथे जागा होती, डिप्टीसाहेब तपासणीला येतील तेव्हा ज्या मुलीची शिफारस शेरेबुकात लिहितील तिला. मास्तरांना ती जागा मैनीसाठी हवी होती. एवढंच हवं होतं. मैनीच्या बापाला त्यांनी महिनाभर समजावलं. तो शेवटी म्हणाला, "तुमी म्हणता तं नेजा जी. नाई तं औंदा तिले मोळीवर लावतो, माह्या कमरेचं काई खरं नाई." म्हणजे जागा मिळाली तर चांदा, नाही तर डोक्यावर मोळी. मैनीने चांदा पाहिलं नव्हतं. तिने मला विचारलं, "तिथी फ्रेंच बोलते का जी समदे?" मी म्हटलं, "फाडफाड."

इथे माझं कर्तृत्व सुरू होतं.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नवे डिप्टीसाहेब पुण्याहून आले होते. गोरे, नेटके, बोलताना प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, इस्त्री करून बाहेर काढणारे. गडचिरोलीला मास्तरांची सभा झाली. साहेब म्हणाले, "या भागातल्या मुलांना मराठीच येत नाही. शिक्षकांनाही येत नाही." सगळी सभा मान खाली घालून बसली. मला राहवलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगत असे. मी उभा राहून म्हणालो, "साहेब, आमच्या शाळेतली पोरं तर फ्रेंच बोलतात! पॅरिसचा माणूस आणून उभा करा, तोंडात बोट घालेल!"

सभेत अशा हशा-टाळ्या झाल्या की काय सांगू. साहेबांनी चष्मा पुसला. "असं? माझे मेहुणे नागपूरला फ्रेंचचे प्राध्यापक आहेत. पॅरिसला दोन वर्षं होते. वाघ पाहायला येणारच आहेत. घेऊन येतो."

मी गावात येऊन ही बातमी सांगितली तेव्हा मोठ्या मास्तरांनी मला मिठी मारली. पितळी बटणं छातीत रुतली. "छोटे मास्तर, पोरीचं काम झालं म्हणा! पॅरिसचा माणूस ऐकन तं तोच लिवाले लावन साहेबाले." आठ दिवस शाळा सारवत होते. मैनीच्या आईने तिच्या केसांना इतकं टोळीचं तेल लावलं की ती उन्हात उभी राहिली तर दिवा पेटावा. मोहापासून काढलेलं ते तेल. त्याचा वास साहेबांच्या नाकाला भावला नाही, हे पुढे शेरेबुकातच आलं.

साहेब आले, प्राध्यापक आले. कोंबडी कापली गेली, मालगुजारांनी खुर्च्या पाठवल्या आणि स्वतः येऊन एकीवर बसले. आधी मराठी झालं. मालगुजाराच्या नातीने कविता म्हटली, हातवारे करून, एक काना इकडचा तिकडे नाही. साहेबांनी मान डोलावली. मैनी उभी राहिली. तिने धडा वाचला, पाणी ओतावं तसा. साहेब म्हणाले, "आता तुझ्या शब्दांत सांग." मैनी म्हणाली, "मले वाटते का..."

"मले नव्हे. मला."

"मला वाटते का..."

"का नव्हे. की."

मैनी थांबली. भिंतीकडे पाहू लागली. तीन वर्षांपूर्वी ती जशी पाही तशी. मोठ्या मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्या कोटाचं शास्त्र त्या दिवशी कामाला आलं नाही. ते पुढे होऊन म्हणाले, "साहेब, आता फ्रेंच घेऊ या का जी?"

प्राध्यापक हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. त्यांनी ओसरीबाहेर चरणाऱ्या गाईकडे बोट करून फ्रेंचमध्ये विचारलं, हे काय? मैनीचा चेहरा उजळला. तिने गाईचं नाव सांगितलं. प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. मांजर दाखवलं, मांजराचं सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं, आणि मैनीने, विचारलं नव्हतं ते सुद्धा, अस्वलाची आणि पावाची सगळी गोष्ट त्यांना फ्रेंचमध्ये सांगितली. अस्वल रडल्याचं करून दाखवलं. म्हातारीसारखी कमरेवर हात ठेवून ओरडली. प्राध्यापक खुर्चीत मागे रेलून असे खो खो हसू लागले की डोळ्यांतून पाणी आलं. मोठे मास्तर माझ्याकडे पाहून डोळा मिचकावीत होते.

साहेबांनी वाकून मेहुण्यांना विचारलं, "शुद्ध आहे का?"

"शुद्ध..." प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, "शुद्ध म्हणता येणार नाही हो. ही खेडुतांची बोली आहे. पॅरिसमध्ये असं कुणी बोललं तर लोक हसतील. शाळेत फ्रेंच म्हणून हे कुणी शिकवणार नाही."

"म्हणजे फ्रेंच नव्हे."

"त्या अर्थाने... नव्हे," प्राध्यापक म्हणाले. भूक लागली होती त्यांना. कोंबडीचा वास येत होता.

साहेबांनी शेरेबुक उघडलं. मोठ्या मास्तरांच्या डोळ्यांसमोर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, की या शाळेत फ्रेंचच्या नावाखाली कोणतीशी अशुद्ध बोली शिकवून मुलांचा वेळ वाया घालवला जातो. मुलांचे मराठीही अशुद्ध आहे. मुलांच्या केसांना उग्र वासाचे तेल असते. वसतिगृहासाठी गावच्या माजी मालगुजारांच्या नातीची शिफारस करण्यात येत आहे. मालगुजारांनी पान खाल्लं आणि मास्तरांच्या हाताकडे एकदा बघून घेतलं.

साहेबांच्या आधी जेवून उठलेल्या प्राध्यापकांना नाल्यापर्यंत पोचवायला मी गेलो. वाटेत ते आपण होऊन म्हणाले, "ती पोरगी कमाल आहे हो. पॅरिसला माझी घरमालकीण उत्तरेकडचीच होती, रागावली की अगदी हेच बोलायची. मी डोळे मिटले असते तर शपथेवर सांगतो, तिचीच नात बोलते आहे म्हटलं असतं. एक शब्द चुकली नाही ती. तिकडे गेली तर म्हाताऱ्या तिला घरात ठेवून घेतील."

मी उभा राहिलो. "मग साहेबांना सांगा ना हे!"

"साहेबांनी शुद्ध आहे का विचारलं," ते म्हणाले. "शुद्ध नाहीच ना."

मी परत धावलो. खरंच धावलो, माझ्यावर विश्वास ठेवा, या बाबतीत मी फुगवून सांगत नाही. साहेब ओसरीत हात धूत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बरं झालं आलात. पुढल्या वर्षी ही शाळा तुम्हालाच सांभाळायची आहे. तुमचं मराठी त्यातल्या त्यात बरं आहे. या शेऱ्याखाली सहायक शिक्षक म्हणून सही करा."

"हो जी," मी म्हणालो.

"हो जी नव्हे. हो, साहेब."

"हो, साहेब," मी म्हणालो, आणि सही केली. माझ्या आयुष्यातली सर्वांत शुद्ध मराठी मी त्या दिवशी बोललो.

मोठ्या मास्तरांनी साहेबांना तीन अर्ज केले. फ्रेंच सोडा, पोरीचं गणित पाहा. गणित सोडा, तिचं वाचन पुन्हा ऐका. तेही सोडा, मला शिक्षा करा, पोरीला करू नका. तिन्ही अर्जांना मिळून एक उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. मालगुजारांची नात चांद्याला गेली, तिला तिथलं वरण आवडलं नाही, पंधरा दिवसांत रडत परत आली. जागा वर्षभर रिकामी राहिली. मास्तरांनी त्यावर चौथा अर्ज केला. त्याला उत्तरच आलं नाही.

शाळेत 'बोंझूर' बंद झालं. मास्तर दारात उभे राहत, पोरं सवयीने हात पुढे करीत, मास्तर हात धरत, पण बोलत काही नसत. एके दुपारी मुलं पाढे घोकत असताना ते माझ्याजवळ येऊन बसले. कोटाचं एक बटण पिळत होते.

"छोटे मास्तर," ते म्हणाले, "त्या म्हातारीनं मले भलतंच काई शिकवलं असन का हो? मी परदेशी, खच्चरवाला. तिनं मजाक केली असन का?"

एक वाक्य पुरलं असतं. प्राध्यापकांनी नाल्याकाठी सांगितलेलं एक वाक्य. पण ते सांगितलं असतं तर ते चालत गडचिरोलीला गेले असते, पाचवा अर्ज घेऊन, आणि त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव लिहिलं असतं. हे मला तेवढ्या क्षणात दिसलं. माझी बुद्धी अशा वेळी फार वेगाने चालते.

"जाऊ द्या ना मास्तर," मी म्हणालो.

"होय," ते म्हणाले. "लढाईचे दिवस होते. तिलेबी करमत नसन." आणि उठून पोरांना सत्ताविसाचा पाढा सांगू लागले.

वैशाखात ते निवृत्त झाले. गडचिरोलीत एक खोली घेऊन एकटेच राहू लागले. मी हेडमास्तर झालो. मैनीचं नाव मीच हजेरीपटातून कमी केलं. समोर कारण लिहायची जागा असते, तिथे 'शाळा सोडली' एवढंच लिहिलं. गावातले बैल हळूहळू मराठीवर आले. आणि मी ठरवलं, मास्तरांना एकदा जाऊन ते सांगून टाकायचं. आता मला कुणाची भीती नव्हती. पहिल्या वर्षी पेरणी होती, मग तपासणी होती, मग माझं लग्न होतं. दोन वर्षांनी सभेसाठी गडचिरोलीला गेलो तेव्हा मुद्दाम एक दिवस जास्तीचा काढला. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, म्हातारा गेला, दोन महिने झाले. कोटासकटच नेलं म्हणे. कोट अंगातून निघेना.

परतताना बाजाराच्या तोंडाशी मोळ्या घेऊन बसलेल्या बायांत मैनी दिसली. तेरा-चौदाची असेल, लुगडं नेसलेली. ती उठून उभी राहिली. "जोहार मास्तर," म्हणाली.

मला काय झालं कोण जाणे. मी रस्त्यात, तिच्या मोळीसमोर उभा राहून, जे म्हाताऱ्याला सांगायचं होतं ते सगळं तिलाच सांगितलं. की त्या दिवशी तू चुकली नव्हतीस. की तो पॅरिसवाला माणूस स्वतः म्हणाला, एक शब्द चुकली नाहीस. की त्या तिकडच्या म्हाताऱ्या अशाच बोलतात, अगदी तुझ्यासारख्या.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोठ्या मास्तरले सांगतलं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "राहून गेलं. आता ते नाहीत गं. गेले. तुला कळलं नसेल."

मैनीने खाली वाकून मोळीचा सुटलेला वेल पुन्हा आवळला.

"मालूम हाये जी," ती म्हणाली. "लाकडं आमीच नेली."